पाऱ्याने हात फिरवला

पाऱ्याच्या घरातलं जेवणाचं टेबल त्याच्या बायकोने भिंतीला स्क्रूने पक्कं बसवून घेतलं होतं. पारा जेवायला बसला की त्याचा डावा पाय आपोआप हलायला लागे. पायाबरोबर टेबल हले, टेबलाबरोबर वाट्या वाजायला लागत, आणि मग एक दिवस आमटी थेट तिच्या ऑफिसच्या कपड्यांवर आली. त्याच संध्याकाळी सुतार आला.

ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा आणि म्हणायचं, "हलू नका." सगळी दुनिया माझं ऐकते, हा एक प्राणी सोडून, असं ती मैत्रिणींना सांगायची. पारा हे नाव काही तिने ठेवलेलं नव्हतं. शाळेत कवायतीच्या मास्तरांनी ते ठेवलं आणि ते असं चिकटलं की लग्नाच्या दिवशी खरं नाव कानावर पडल्यावर त्याच्या बाजूच्या निम्म्या पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं.

नाव मात्र बरोबर होतं. चिमटीत धरायला जावं तर हा निसटणार. टायरच्या गोदामामागे एक मोकळी जागा होती, एका बाजूला उतरती, मधोमध विजेचा खांब. तिथे पारा खेळायला शिकला. डाव्या पायावर चेंडू असा बसायचा जणू त्याचं तिथेच घर आहे. समोरचा अंगावर आला की पारा त्या खांबाच्या अलीकडून जाणार की पलीकडून, हे शेवटपर्यंत कुणाला कळत नसे, आणि खरं सांगायचं तर त्यालाही कळत नसे. ते पायाला कळायचं.

त्या पायाच्या जोरावरच त्याला लिफ्टच्या कंपनीत नोकरी लागली. कंपनीची फुटबॉल टीम होती, आणि साहेबांना लिफ्टपेक्षा टीममध्ये जास्त रस होता. दोन वर्षांत असं झालं की रविवारी मैदानाच्या कुंपणापाशी उभं राहायला जागा मिळेना. माणसं स्पष्ट म्हणायची, आम्ही टीम बघायला आलो नाही, पारा बघायला आलोय. तो डावीकडून सुरुवात करायचा, मध्येच उजवीकडे दिसायचा, कधी पार मागे जाऊन गोलकीपरच्या हातून चेंडू घेऊन यायचा. हा गोलकीपर त्याचा जिवाभावाचा दोस्त. अंगापिंडाने दांडगा म्हणून त्याला सगळे भिंत म्हणायचे. भिंत त्याला ओरडायचा, "अरे, तुझी जागा कुठे, तू कुठे?" पारा हसायचा. सगळं मैदानच आपलं आहे असं त्या वयात वाटतं, आणि त्याला तर ते शोभून दिसायचं.

मग देशाच्या टीमच्या शिबिराला बोलावणं आलं. भिंतीलाही आलं. गल्लीत ज्याने त्याने दोघांना खांद्यावर घेतलं.

शिबिरात सर होते. उंच, वाळके, आवाज भरदार. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "कळलं?" म्हणायचे आणि समोरच्याने मान हलवल्याशिवाय पुढचं वाक्य बोलायचे नाहीत. त्यांनी फळ्यावर मैदान काढलं, डाव्या कडेची एक लांबट पट्टी खडूने भरली आणि म्हणाले, "ही तुझी. इथून बाहेर जायचं नाही. चेंडू तुझ्याकडे येईल. कळलं?" पाऱ्याने मान हलवली. पहिले काही दिवस त्याला वाटलं आपल्याला खुंटीला बांधलंय. पण सर काही वाईट माणूस नव्हते. सराव संपल्यावर त्याला एकट्याला थांबवून घ्यायचे, कडेने धावत येऊन चेंडू कसा टाकायचा ते पुन्हा पुन्हा करून घ्यायचे, आणि एकदा तर पाठीवर थाप मारून म्हणाले होते की असा पाय मी बघितलेला नाही. ती थाप पाऱ्याने बायकोला, म्हणजे तेव्हाच्या होणाऱ्या बायकोला, इतक्या वेळा सांगितली की शेवटी ती म्हणाली, आता ती पाठ दाखव तरी.

सुरुवातीला दोन सामन्यांत त्याला अगदी शेवटी काही मिनिटं उतरवलं. तिसऱ्या सामन्यात, परक्या देशात, खच्चून भरलेल्या स्टेडियममध्ये, पहिल्या अकरात त्याचं नाव आलं.

त्या सामन्याचं पाऱ्याला आठवायचं ते असं. तो पट्टीत उभा राहिला. चेंडू आलाच नाही. सगळा खेळ पलीकडच्या कडेला चाललेला, आणि हा इकडे बस चुकलेल्या माणसासारखा. बराच वेळ त्याने कळ काढली. मग पायांनी ऐकलं नाही, तो आत शिरला, चेंडू मिळाला, दोघांना हुलकावणी दिली, तिसऱ्याने काढून घेतला. आणि तो चेंडू थेट पाऱ्याने सोडलेल्या मोकळ्या जागेतून जाऊन आपल्याच जाळ्यात बसला. भिंत जमिनीवर पडलेला, मान वर करून कुणाकडे बघतोय तर याच्याकडे. पुढे थोड्याच वेळाने, हाफटाइमही झाला नव्हता, सरांनी त्याला बाहेर बोलावून घेतलं. एक शब्द बोलले नाहीत. पारा डोक्यावर टॉवेल घेऊन बेंचवर बसून राहिला.

त्यानंतर त्याला कधीच बोलावलं नाही.

लोकांना हे पटणं शक्यच नव्हतं. कारण परत आल्यावर पारा कंपनीच्या टीमसाठी असा खेळला की जणू अंगात आग लागलीये. वर्षामागून वर्षं. दर वेळी देशाची टीम जाहीर झाली की पेपरात कुणीतरी लिहायचं, पारा का नाही? निवडणारे गप्प. सर एका वर्षात पद सोडून गेले, दुसरे आले, तिसरे आले, पण पाऱ्याचं दार काही उघडलं नाही. मग गुडघे कुरकुरायला लागले. मग टीमच बंद झाली, साहेब बदलले, आणि पाऱ्याच्या हातात बुटांऐवजी हत्यारांची पिशवी आली. लिफ्ट दुरुस्तीचं काम त्याला मानवलं. एका जागी बसायचं नसतं. सारखं वरखाली, या इमारतीतून त्या इमारतीत.

पण डोक्यात एक गोष्ट कायमची अडकून बसली होती. तो सरांशी भांडायचा. दाढी करताना, लिफ्टच्या टपावर उभा राहून तेल देताना, भाजी निवडताना. मनातल्या मनात, पण ओठ हलायचे. तो सरांना विचारायचा की एका चुकीपायी माणसाला जन्मभरासाठी मोडतात का? सर काहीतरी उत्तर द्यायचे, हा ते खोडून काढायचा. बायकोला हे इतकं सवयीचं झालं होतं की ती पोळ्या लाटता लाटता विचारायची, "आज काय म्हणाले सर?" तो चिडायचा, मग हसायचा, आणि उठून गॅलरीत फेऱ्या मारायचा.

अशी वीसेक वर्षं गेली.

एके दिवशी सकाळी एका जुन्या इमारतीतून फोन आला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे, आत एक म्हातारे गृहस्थ आहेत. पारा आणि त्याचा जोडीदार निघाले. जोडीदाराला सगळे मामा म्हणायचे, कारण तो सगळ्यांची लग्नं जमवायचा. अशा वेळी काम ठरलेलं असतं. एकाने वर मशीनच्या खोलीत जायचं, वीज तोडायची, ब्रेक सोडून मोठं चाक हाताने हळूहळू फिरवायचं. दुसऱ्याने मजल्यावर दारापाशी थांबून लिफ्ट कुठवर आली ते ओरडून सांगायचं, आणि आतल्या माणसाशी बोलत राहायचं, म्हणजे तो घाबरत नाही. मामा जिना चढून वर गेला. पारा दाराशी उभा राहिला.

"काका, ठीक आहात ना? पाच-दहा मिनिटांचं काम आहे. भिंतीला टेकून उभे राहा."

आतून आवाज आला, "मी उभा राहू शकत नाही फार वेळ. गुडघे गेलेत. तेव्हा लवकर करा. कळलं?"

पाऱ्याच्या हातातली चावी खाली पडली.

एवढ्या वर्षांत आवाज जरा घोगरा झाला होता, पण ते "कळलं?" तेच होतं, तसंच, मान हलवण्याची वाट बघणारं. पाऱ्याने खरोखरच बंद दारासमोर मान हलवली. ज्याच्याशी रोज सकाळी दाढी करताना भांडायचं, तो माणूस एका पत्र्यापलीकडे होता, आणि कुठे जाऊही शकत नव्हता.

वरून मामा ओरडला, "फिरवू का?"

"फिरव," पारा म्हणाला. आणि मग दाराच्या फटीशी वाकून म्हणाला, "तुम्ही पूर्वी फुटबॉल शिकवायचात ना?"

"हो. कोण बोलतंय?"

"लिफ्टवाला. सामने बघायचो तेव्हा." "एक विचारू? तुमच्याकडे डाव्या कडेला एक जण होता. पारा म्हणायचे. त्याला तुम्ही पहिल्याच मोठ्या सामन्यात मध्येच का काढलं?"

"मी नाही काढलं त्याला. तोच निघाला."

"म्हणजे?"

"त्याने हात वर केला. असा वर करून गोल फिरवला. माझ्याकडे बघून. मला बदला म्हणून. काय करणार? ज्याला खेळायचं नाही त्याला मैदानात ठेवून काय उपयोग?"

वरून मामाने विचारलं, "किती राहिलं?" पाऱ्याला ते ऐकूच गेलं नाही. मामाने पुन्हा हाक मारली, या वेळी जरा शिवी देऊन. तेव्हा कुठे त्याने दाराच्या फटीतून बघितलं आणि लिफ्ट अजून हातभर वर आहे असं सांगितलं.

दार उघडलं तेव्हा सर लिफ्टच्या कोपऱ्यात काठीवर सगळा भार टाकून उभे होते. पाऱ्याने हात पुढे केला. त्यांनी तो धरला, पाऊल बाहेर टाकलं, तोल सावरला आणि मग वर बघितलं.

"पारा," ते म्हणाले.

त्यांनी त्याला घरात बोलावलं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एकट्या माणसाच्या. एक खुर्ची, एक टीव्ही, खिडकीत वाळत घातलेले गुडघ्याचे पट्टे. मामाला वर उरलेलं काम बघायला सांगून पारा आत गेला. बस म्हटलं तरी बसला नाही. दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत चालत बोलत राहिला. मी बदली मागितली नव्हती, तो म्हणाला. तो हात मधल्या खेळाडूसाठी होता. चेंडू सगळा पलीकडे फिरतोय, तो फिरवून माझ्या बाजूला आणा, असं मी सांगत होतो. तुम्ही मध्ये कुठून आलात?

सर खुर्चीत बसून ऐकत होते. मग म्हणाले, "त्या संध्याकाळी निवड समितीने मला विचारलं. मी म्हणालो, मुलगा अस्सल आहे, पण जड जायला लागलं की अंग काढून घेतो. एवढंच बोललो. मी पद सोडून गेलो, पण ते वाक्य काही तिथून गेलं नाही."

"मला विचारायचं होतंत."

"तू यायचं होतंस. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी मुद्दाम उशिरापर्यंत बसून राहिलो. म्हटलं, येईल, काहीतरी सांगेल. तू खाली मान घालून समोरून निघून गेलास. मला वाटलं, चला, आपलं बरोबर होतं."

पाऱ्याला ती सकाळ आठवत होती. त्याला वाटलं होतं, सर बोलावतील. हाक येईल म्हणून तो मुद्दाम हळू चालला होता.

त्या दिवशी घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने नळ बंद केला, हात पुसले, ऐकून घेतलं. त्याला वाटलं ती सरांच्या नावाने बोटं मोडेल. ती म्हणाली, "म्हणजे दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं तर?"

"मी एकवीस-बावीस वर्षांचा होतो. त्यांनी उघडायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ती म्हणाली. "आणि तूही."

पुढचे काही दिवस पाऱ्याला कुठेच करमेना. आधीचं बरं होतं. आधी निदान भांडण होतं, त्याला एक समोरचा माणूस होता. आता दाढी करताना तो तोंड उघडायचा आणि काय बोलायचं ते सुचायचं नाही. कामावर तो हत्यारांची पिशवी एका इमारतीत विसरला, दुसऱ्या इमारतीत चुकीच्या लिफ्टची वीज बंद करून बसला. मामाने त्याला तोंडावर सांगितलं की असं डोकं घेऊन दोराजवळ उभा राहिलास तर एक दिवस दोघंही जाऊ. पारा म्हणाला, बरोबर आहे, आणि रजा टाकून भिंतीकडे गेला.

भिंत आता जाड झाला होता आणि त्याचं रंगाचं दुकान होतं. त्याच्याकडे त्या सामन्याची टेप होती, मुलाने ती केव्हातरी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेली. पाऱ्याला हे इतकी वर्षं माहीत होतं. त्याने कधी बघितली नव्हती, आणि भिंतीने कधी आग्रह केला नव्हता. भिंतीने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मागच्या खोलीत रंगाच्या डब्यांमध्ये लॅपटॉप लावून दिला. पाऱ्याची बायको लॅबमधून परस्पर तिथे आली होती. तिघं दाटीवाटीने बसले. म्हणजे दोघं बसले, पारा उभाच.

पडद्यावर एक सडपातळ पोरगा डाव्या कडेला उभा होता. त्याचे खांदे वर चढलेले. सारखा मागे वळून बेंचकडे बघत होता. पाऱ्याला हे आठवत नव्हतं. गोल झाला तोही त्याला आठवतो तसाच झाला. आणि मग, थोड्या वेळाने, त्या पोराने हात वर केला आणि गोल फिरवला.

"थांबव," पारा म्हणाला. "मागे घे."

भिंतीने मागे घेतलं. पुन्हा लावलं. पुन्हा मागे घेतलं.

चेंडू खेळात नव्हता. तो केव्हाच मैदानाबाहेर गेला होता, एक जण जाहिरातीच्या फलकामागून तो आणायला गेलेला. फिरवून माझ्याकडे द्या म्हणावं असा चेंडूच तिथे नव्हता. मधला खेळाडू पार पलीकडे, याच्याकडे पाठ करून, वाकून बुटाची नाडी बांधत होता. आणि त्या पोराचं तोंड साइडलाइनकडे होतं.

इतकी वर्षं पाऱ्याने जे शपथेवर सांगितलं असतं ते तसं नव्हतंच. भिंत हळूच म्हणाला की सरांनाच सांगत असशील, त्या बाजूने खेळवा म्हणून. बायको म्हणाली, "मला तर वाटतं तू कुणालातरी जवळ बोलावतोयस." पारा त्या पोराच्या चेहऱ्याकडे बघत होता. तोंड उघडं, श्वास फुललेला, आणि डोळ्यांत भीती. साधी, उघड, सगळ्यांना दिसावी अशी भीती. त्याला घरी जायचं होतं का? त्याला फक्त कुणीतरी येऊन सांगायला हवं होतं का, की होतं असं, खेळत राहा? पाऱ्याला खरंच आठवेना. त्या हाताला काय हवं होतं ते तो हातच जाणे.

रविवारी तो सरांकडे गेला. सरांनी दार उघडलं आणि म्हणाले, लिफ्ट तर चालू आहे. तो म्हणाला, माहीत आहे, मी जिन्यानेच आलो.

"सर, मी टेप बघितली," तो म्हणाला. "कदाचित मी मागितली असेल बदली. मला सांगता येत नाही."

सर काठीच्या मुठीवर अंगठा घासत राहिले. "मीही हाच विचार करतोय तेव्हापासून. तू मागितली असती तरी मी द्यायला नको होती. तुझ्या तेव्हाच्या वयाच्या पोराने तिथे बाहेर यायला मागणं, त्यात नवल काय? ओरडून सांगायचं होतं, राहा तिथेच म्हणून. मला राग आला होता. गोलाचा."

"मग सांगायचं होतंत," पारा म्हणाला. आवाज चढला होता, पण पूर्वी दाढी करताना चढायचा तसा नाही.

"हो," सर म्हणाले.

पाऱ्याने स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा केला, स्वतःचा उभ्याउभ्या प्यायला आणि निघाला. पुढे तो जात राहिला, दर रविवारी नाही, पण जमेल तसा. ते टीव्हीवर सामने बघायचे आणि वाद घालायचे. त्या सामन्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

बाहेरच्या जगात मात्र तो विषय होताच. एकदा तो केस कापायला गेला. न्हाव्याने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि शेजारच्या खुर्चीतल्या नव्या गिऱ्हाइकाला नेहमीप्रमाणे सांगायला लागला की ही बघा, ही ती असामी. असा पाय देशात झाला नाही. पण त्या सरांनी कापला याला, राजकारण केलं, नाहीतर आज याचे पुतळे उभे राहिले असते. हे ऐकलं की पारा आरशात हसायचा आणि गप्प राहायचा. तेवढं एक सुख त्याने कधी सोडलं नव्हतं.

"तसं नाही ते," पारा म्हणाला. "कुणी कापलं नाही. मीच बाहेर यायला मागितलं असेल बहुतेक. मी घाबरलो होतो."

न्हाव्याची कात्री हवेत थांबली. त्याला आधी वाटलं पारा थट्टा करतोय. मग आरशात त्याचा चेहरा बघितला आणि तो खरोखरच दुखावला. "हे काय आता?" तो म्हणाला. "मग आम्ही इतकी वर्षं कुणावर चिडलो?"

शेजारचं गिऱ्हाईक उगाचच आपल्या नखांकडे बघायला लागलं. न्हाव्याने काहीशा रागाने पाऱ्याची मान पुढे दाबली आणि मानेवरचे केस कापायला घेतले. दर खेपेला अर्ध्यात दोनदा तरी उठून पाय मोकळे करणाऱ्या पाऱ्याला तो म्हणाला, आज हलायचं नाही, कापेल. पारा हलला. थोडं कापलंच.